तीन हजार सोमचा घोडा

मी नमदा बोलतोय. बसा, पण जरा लांबच बसा. आणि माझ्या अंगावरचा घोडा पाहून "वा, काय कला आहे!" असं म्हणणार असाल तर मुळीच बसू नका. त्या वाक्याचा मला वीट आलाय.

नारीन गावाच्या वरच्या कुरणातल्या मेंढ्यांची मी लोकर. तोक्तोकान नावाच्या म्हातारीनं मला काठ्यांनी झोडून पिंजलं, बोरूच्या चटईवर पसरलं, वरून उकळतं पाणी ओतलं, चटईसकट गुंडाळलं आणि तिच्या दोन सुनांनी तो गुंडाळा दुपारपर्यंत कोपरांनी लाटला. चटई उलगडली तेव्हा मी बोटभर जाड, घट्ट नमदा झालो होतो. म्हातारीनं मला उन्हात धरलं आणि म्हणाली, "खोगिराखाली घालायला झकास आहे." एवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं. पण बाजारात मला झुराकाननं उचललं आणि माझे ग्रह फिरले.

झुराकान शाळेत रसायनशास्त्र शिकवते. नवरा सरकारी नोकरीत, घर चौथ्या मजल्यावर, खोल्याखोल्यांतून गरम पाण्याच्या नळ्या. बाईला कशाची म्हणून ददात नाही. दोन वर्षांपूर्वी तिला छंद लागला, नमद्यावर रंगीत लोकर सुईनं टोचून चित्रं काढायचा. छंद असावा, माझी काही तक्रार नाही. तिनं मला पंधरा दिवस टोच टोच टोचलं आणि माझ्या अंगावर घोडा काढला. निदान ती त्याला घोडा म्हणते. मान शेळीची, शेपूट कोल्ह्याची आणि मागचे पाय भलत्याच बाजूला वाकलेले.

आमच्याकडे नवीन काही पहिल्यांदा पाहिलं की पाहणारा कोरुमदुक देतो. बाळ असो, नवी सून असो, नाहीतर नवा कोट असो, आपल्या खुशीनं हातावर काहीतरी ठेवायचं. ते मागायचं नसतं, एवढं तर पोराटोरांनाही कळतं.

झुराकान आणि लहानपणी तिच्याबरोबर शाळेत शिकलेल्या पाच मैत्रिणींची शेरिने आहे. भिशीच म्हणा ना. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, जेवायचं, गायचं, नवऱ्यांची उणीदुणी काढायची. तीस वर्षं हे चालू आहे. तिथे झुराकाननं आपलं पहिलं चित्र दाखवलं तेव्हा त्यांतल्या बुरुलाईनं गमतीनं त्यावर शंभर सोमची नोट ठेवली. "घे गं बाई, बाळाचं तोंड पाहिलं!" सगळ्या हसल्या. झुराकाननं मात्र नोट घडी घालून पर्समध्ये टाकली. पुढच्या महिन्यात तिनं दुसरं चित्र आणलं आणि चहाच्या वाट्यांमध्ये ते मांडून वाट पाहत बसली. तिसऱ्या महिन्यात तोंडानं मागितलं. चौथ्या महिन्यात आकडा सांगितला.

आणि या पाच जणींनी काय केलं? दिले! चालायच्या आधी घोड्यावर बसलेल्या बायका या. घोड्याचा पाय कुठे वाकतो हे यांना मी सांगायला हवं का? पण तोंडावर म्हणायच्या, "अगंबाई, आत्ता खिंकाळेल की काय!" आणि जिना उतरताना, "खिंकाळेल की भुंकेल गं?" मागणारीचा मला राग येतोच. पण या तोंडदेखल्या कौतुकाची मला किळस येते.

माझी पाळी ऑक्टोबरात आली, झुराकानच्याच घरी. जेवणं झाल्यावर तिनं मला कालिचाच्या मांडीवर पसरलं.

कालिचा या सहा जणींतली सगळ्यात गरीब. नवरा वारलेला, नदीकाठी जुनं घर, शाळेचे गणवेश शिवून पोट भरते. त्या दिवशी तिच्या पर्समध्ये हिवाळ्याच्या कोळशाचे पैसे होते. कारा-केचेच्या खाणीतून कोळशाचे ट्रक बाजारामागे आले होते आणि जेवण उरकून ती तिकडेच जाणार होती.

"तुझ्यासाठीच केलाय गं," झुराकान म्हणाली. "तुझ्या भिंतीवर काही म्हणजे काही नाही."

कालिचाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, भेट आहे.

"बाहेरच्याला पाच हजार सांगते. तुला तीन."

कालिचानं बाकीच्यांकडे पाहिलं. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी काम झालं असतं. पण आपल्यावरची टळली म्हणून सगळ्यांना हायसं वाटत होतं. "घे गं घे, शोभेल तुझ्याकडे," चौघी एका सुरात म्हणाल्या. कालिचानं पर्स उघडली. त्या दिवशी ट्रकवरून तिनं अर्धाच कोळसा घेतला.

महिनाभर मी तिच्या शिवणयंत्राच्या वर भिंतीवर होतो. कोळशाची पेटी भराभर रिकामी होताना वरून दिसायची. ती कोट घालून मशीन चालवायची आणि बाहेरच्या दाराच्या फटीतून वारा सरळ तिच्या गुडघ्यांवर यायचा. नोव्हेंबर संपत आला तेव्हा एका सकाळी ती माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग मला खाली काढलं आणि बाहेरच्या दारावर पडद्यासारखं खिळ्यांनी ठोकलं. खिळे लागले, खोटं कशाला बोलू? पण फटीवर माझं अंग बसलं, वारा थांबला आणि तिनं कोटाची वरची गुंडी काढली. लोकरीच्या जन्माला आल्याचं तेव्हा मला समाधान वाटलं.

डिसेंबरात शेरिनेची पाळी कालिचाकडे आली. चौघी मला बाजूला सारून आत आल्या. झुराकान शेवटी आली. तिनं मला हातात धरलं आणि तशीच उभी राहिली.

"हे काय? माझं चित्र तू दाराला मारलंस? खिळे ठोकून?"

"दारातून वारा येतो गं," कालिचा म्हणाली. ती कणकेचे बोरसोक तळत होती. "आधी आत ये."

"कला आहे ती! पोतेरं नाही!"

कालिचानं कढई खाली उतरवली. "झुराकान, यंदा कोळसा अर्धाच घेतला. उरलेल्या पैशांत हा घोडा आला. मग यानं तेवढी ऊब द्यायला नको?"

"परवडत नव्हतं तर तेव्हाच नाही म्हणायचं होतंस!"

"तुला? तुला मी नाही कशी म्हणू?"

आता बुरुलाईला कंठ फुटला, दोन महिने उशिरा. "आणि काय गं झुराकान, तुझ्या अंगावरच्या या कोटाला अस्तर कुणी घातलं? माझे परकर, माझ्या सुनेचा झगा, तीस वर्षं आपण सगळ्या हिच्याकडून फुकट शिवून घेतोय. तू कधी शिलाई विचारलीस?"

"बुरुलाई, गप्प बस," कालिचा म्हणाली.

झुराकान लालबुंद झाली. "ठीक आहे. माझी कला मी परत विकत घेते." तिनं पर्स उघडली.

"घे. तीन हजार," कालिचा म्हणाली.

झुराकाननं नोटा बाहेर काढल्या. मग मला नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. वरची भोकं पाहिली, घोड्याचे पाय पाहिले. दोन नोटा तिनं परत आत सरकवल्या.

"भोकं पडलीत आता. आणि मागचे पाय मला तेव्हाही जमले नव्हते. हजार देते."

बुरुलाई फस्सकन हसली आणि मग बाकीच्या तिघीही हसल्या. कालिचा तेवढी हसली नाही. "राहू दे पैसे," ती म्हणाली. "ये, बस. चहा ओतते."

पण झुराकान बसली नाही. मला एका हातानं ढकलून ती निघून गेली.

त्याला आता सहा आठवडे झाले. नदी गोठली आहे. चौघींनी लाजेकाजेस्तव का होईना, दोन पोती कोळसा आणून टाकला. तुम्हाला एकच सांगतो. हौसेनं काही केलंत तर मैत्रिणीला ते तसंच द्या, नाहीतर परक्याला खुशाल विका. आणि मैत्रीण असाल तर तोंड उघडा, जिना उतरेपर्यंत थांबू नका. ऐकाल असं काही मला वाटत नाही.

माझ्यातून वारा आत येत नाही, एवढं काम मी चोख करतो. पण बाहेर जरा पाऊल वाजलं की कालिचा मशीन थांबवते, मला बाजूला सारते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. "झुराकान, तू आहेस का गं?" दुसरंच कुणीतरी असतं. तरी ती उभीच राहते, आणि तेवढ्या वेळात घरातली सगळी ऊब निघून जाते.