पंच्याऐंशी किलो वजनी गट

गुणाजी म्हात्रेचं वजन वर्षातून एकच दिवस पंच्याऐंशी किलो असे. तो दिवस कबड्डीच्या स्पर्धेचा. एरवी ते एकोणनव्वद असे, पण एरवी त्याला काट्यावर उभं करायची हिंमत कोणाची?

चाळिशीपुढच्यांची स्पर्धा, वजनी गट पंच्याऐंशीचा, आणि पेणच्या खाडीकाठच्या संघाचा कप्तान गुणाजी. तयारीची रीत वाडवडिलांइतकी पक्की होती. आधी दोन दिवस पाणी बंद, जेवण बंद, अंगात रेनकोट चढवून भर उन्हात खारबांधावर पळायचं. चार किलो मुकाट निघून जात. वजन झालं की सरबताचा तांब्या, दोन ताटं भात, आणि मैदानात उतरायचा तो पुन्हा भरलेला गडी. डावा कोपरा त्याचा. त्याला ओढत रेषेपर्यंत नेईल असा चढाईवाला तालुक्यात नव्हता.

यंदा आयोजकांना अक्कल सुचली. मागल्या साली एकजण भर सामन्यात चक्कर येऊन पडला होता, म्हणून त्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. दाखल्याशिवाय मैदानात पाय नाही. रामवाडीचा डॉक्टर गुणाजीच्या मेहुणीचा दीर, म्हणजे तपासणी संपायच्या आत निकाल घरी. म्हणून दसऱ्यानंतर गुणाजीने रोहा गाठलं.

तिथे डॉ. सिपोरा पेणकर, कोकणातल्या जुन्या ज्यू घराण्यातल्या. आडनाव पेणचं, दवाखाना रोह्यात. पेणमध्ये एक रोहेकर कुटुंब होतं, तेही कधीच इस्रायलला गेलं. त्यामुळे हा हिशेब जुळवायला आता कोणी उरलं नाही. बाई मात्र इथेच राहिल्या. नातेवाईक बोलावत, तेव्हा त्या म्हणत, माझे पेशंट अर्धवट बरे आहेत.

गुणाजी दवाखान्यात गेला तो सामन्याला जावं तसा, दोन दिवस वाळून. काटा पंच्याऐंशीला टेकला. त्याने विजयी नजरेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेप काढली. गुणाजीने पोट आत घेतलं आणि श्वास रोखला. बाई टेप धरून शांत उभ्या राहिल्या.

"कबड्डी खेळता ना? म्हणा बघू."

आता कबड्डीपटूला कबड्डी म्हणायला सांगितल्यावर तो नाही कसा म्हणणार? गुणाजीने सुरू केलं, आणि चौथ्या कबड्डीला पोट आपल्या जागी परत आलं. सहाव्या कबड्डीला दमही तुटला. बाईंनी आकडा लिहून घेतला, एकशे सहा सेंटीमीटर, आणि पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी, एवढंच सांगितलं. रक्तदाबही वर होता. काल काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. काय नाय, गुणाजी म्हणाला. आणि त्याआधी? त्याआधी सगळंच, असं त्याला सांगावं लागलं.

"माझ्याकडे येणारा प्रत्येकजण आदल्या दिवशी साधू असतो," बाई म्हणाल्या. "म्हणून मी तीन महिन्यांची साखर बघते."

रक्तातून गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते, हे ऐकून गुणाजी प्रथमच गंभीर झाला. त्याने विचारलं, या टेस्टच्या आदल्या दिवशी काय करायचं असतं. बाई म्हणाल्या, आदल्या दिवशी काही करून उपयोग नाही, तीच तर तिची खुबी. दुपारी आकडा आला, नऊ पूर्णांक एक. साडेसहाला मधुमेह सुरू होतो. दाखला नाही. गोळ्या, जेवणात भाताची एकच वाटी, मासा तळलेला नको, कालवणातला चालेल, रोज चालणं, आणि वाळायचा उद्योग कायमचा बंद, कारण या गोळ्या घेऊन पाणी सोडलंत तर मैदानातून थेट इस्पितळ.

"तीन महिन्यांनी सातच्या आत आणा, दाखला देते."

स्पर्धा संक्रांतीनंतर होती. म्हणजे वेळ होता. समोरचा संघ नऊवर आहे आणि त्याला सातच्या आत रोखायचं आहे, असं मनाशी मांडल्यावर गुणाजीला सगळं सोपं वाटू लागलं.

घरी ते सोपं नव्हतं. बायको सगुणा एरवी समजूतदार, पण नवऱ्याचं पोट ही तिच्या हाताची जाहिरात होती.

"लोक म्हनतील सगुना खायला देत नाय," ती म्हणाली.

"लोक कायपन म्हनतात गो. तू वाटी आन."

ती वाटी आणायची, पण भात असा दाबून भरायची की उलटा केल्यावर किल्ला उभा राहावा. गुणाजी बुरूज काढून ठेवायचा.

लोकांचं तर आणखी निराळं. साखर नऊवर होती तेव्हा सगळे म्हणत, काय तब्येत हाय. आता ती उतरू लागली, पँट सैल झाली, तशी जो भेटेल तो हळहळायचा की काय रे, वाळलास, साखर झाली काय. आधी व्हती, असं गुणाजी उत्तर द्यायचा, आणि ते कोणाला पटायचं नाही.

तीन महिन्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पोटभर न्याहारी करून वजनाला निघाला. रोह्याला आकडा आला सहा पूर्णांक आठ. बाईंनी दाखला लिहिला आणि काट्यावर उभं केलं. साडेशहाऐंशी.

खरं वजन अडीच किलो उतरलं होतं. गट मात्र पंच्याऐंशीचाच होता.

स्पर्धेच्या दिवशीही काटा तेच म्हणाला. वजन घेणारा पंच ओळखीचा. तो म्हणाला, काटा तासभर उघडा ठेवतो, जरा पळून या. संघातल्या कोणीतरी रेनकोट आणलाच होता. दीड किलो म्हणजे गुणाजीच्या हातचा मळ, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. गुणाजीलाही होतं. त्याने रेनकोटकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं. तिथे चुन्याने आखलेल्या रेषा अजून कोऱ्या होत्या.

"नाय," तो म्हणाला. "पुढल्या सालाला येईन, आन जेवून येईन. लिवून ठेवा."

पंचाने लिहून काही ठेवलं नाही. गुणाजीने रेनकोट घडी करून ज्याचा त्याला दिला, डाव्या कोपऱ्यात राखीव गडी सुजयला उभं केलं, आणि आपण रेषेबाहेर बसून सामनाभर ओरडत राहिला.

त्याच्याविना संघ अकरा गुणांनी जिंकला. बीपीवर गोळी होती, साखरेवर होती. या दुखण्यावर मात्र बाईंनी काही लिहून दिलं नव्हतं.