मिलिटरीचं रबर

ह्यांची बॅटरी म्हणजे माझी सवत होती, सवत! देवळालीच्या कँपातून भंगारात आणलेली, मिलिटरीची. "पाण्यात बुडवली तरी विझणार नाही," हे येईल-जाईल त्याला ऐकवायचे. दर रविवारी सकाळी गॅलरीत पेपर पसरायचा, बॅटरीचं तोंड उघडायचं, आतली रबरी रिंग काढायची, मऊ फडक्याने पुसायची आणि बोटाच्या टोकावर ग्लिसरीन घेऊन चोळत बसायचं. तेल नाही हं! तेलाने रबर फुगतं, हे मला शंभरदा सांगून झालेलं. मी हाका मारतेय, चहा गार होतोय, पण मान वर होईल तर शपथ. आणि गंमत म्हणजे, ही बॅटरी दहा वर्षांत एकदाही पाण्यात गेली नव्हती. चार थेंब पडले की हे तिला शर्टाच्या आत घालायचे आणि स्वतः भिजायचे!

आता माझं पाप सांगते. एकोणऐंशी साली लासलगावला माझ्या बहिणीकडे लोणचं न्यायचं होतं. बरणीचं झाकण झिरपत होतं, एसटीत साडीची वाट लागली असती. हे ऑफिसात. मी बॅटरीतली रिंग काढली आणि झाकणात बसवली. दोन दिवसांचा तर प्रश्न! परत येऊन बघते तर तेल पिऊन रिंग ही एवढी टम्म. बॅटरीत काही बसेना, म्हणून ती बरणीच्याच झाकणात राहिली. मी रडकुंडीला आले.

वाचवलं ते सासऱ्यांनी. अण्णांनी आपल्या जुन्या सायकलच्या ट्यूबचा कात्रीने आडवा काप काढला आणि बॅटरीत चढवला. "सूनबाई, मेलो तरी माझ्या तोंडून निघणार नाही," म्हणाले. रविवारी ह्यांनी तो काप डोळ्यांजवळ नेला. माझा जीव टांगणीला लागलेला. "जरा चपटी झालीय," हे म्हणाले, "पण मिलिटरीचं रबर बघ, दहा वर्षं झाली तरी कसं नव्यासारखं!" पुढे तीन वर्षं ते सायकलच्या ट्यूबला ग्लिसरीन चोळत होते.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात अण्णांचा सत्कार ठरला. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, संध्याकाळी पाचला हार, शाल आणि भाषण. महिनाभर आरशासमोर तयारी चाललेली. त्या दिवशी सकाळी अंगणातल्या टाकीचं झाकण उघडून ते बादली भरत होते. एक सणसणीत शिंक आली, आणि वरची कवळी थेट टाकीत!

जमिनीखालची टाकी, काठोकाठ भरलेली, आत मिट्ट काळोख. माणूस उतरेल एवढं तोंडही नाही तिला. अण्णांनी भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून बघितलं. शेजारच्या लताबाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. अण्णा पायरीवर बसले आणि पंच्याने डोळे टिपायला लागले. मला बघवेना.

"भाऊजी, तुमची बॅटरी सोडा की आत," लताबाई म्हणाल्या.

"पाण्यात?" हे किंचाळले.

"मग काय तव्यावर?"

ह्यांनी एकदा अण्णांकडे बघितलं आणि मुकाट्याने दोरी आणली. बॅटरी विझली तर अण्णांचं भाषण गेलं, आणि का विझली म्हणून हे शोधायला बसले तर मी गेले. अण्णा माझ्याकडे बघतायत, मी अण्णांकडे.

बॅटरी बुडाली. खाली गेली. आणि काय सांगू, टाकी उजळून निघाली हो! तळाशी कवळी हसत पडलेली. मी बांबूला झारा बांधला. चार वेळा निसटली, पाचव्या वेळी वर आली. ह्यांनी आधी बॅटरी उघडली. आत थेंब नाही. "मिलिटरीचं रबर!" म्हणत ह्यांनी बॅटरी छातीशी धरली. "हो ना," मी म्हटलं आणि कवळी उकळायला घरात पळाले.

संध्याकाळी अण्णा काय रंगले, काय रंगले! बोलता बोलता त्यांना माझ्याबद्दल मायेचं भरतं आलं. "आज मी बोलतोय तो आमच्या सूनबाईंमुळे," ते गरजले. "तीन वर्षांपूर्वी ते मिलिटरीचं रबर लोणच्यात फुगलं, तेव्हा आम्ही दोघांनी सायकलच्या ट्यूबचा काप बसवला. तो आज कामी आला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत हे टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून बसलेले. ज्या दातांसाठी मी टाकीवर पालथी पडले, त्याच दातांनी माझं बिंग फोडलं!

चार दिवस अबोला. अण्णा तर माझ्या समोर यायलाच घाबरत होते. रविवारी गॅलरीत पेपर पसरला गेला. मी स्वयंपाकघराच्या दारातून चोरून बघत होते. ह्यांनी ट्यूबचा काप काढला, पुसला, ग्लिसरीन चोळलं, परत बसवला. मग मान वर न करता हाक मारली.

"अगं, ती लोणच्याची बरणी आण इकडे. तीन वर्षं त्या रबराकडे कोणी बघितलेलं नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. बरणी घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी पेपरवर बसले. त्या दिवशी दोघांचाही चहा गार झाला.