दहा माणसांच्या टेबलाची मधली फळी

मित्रांनो, मी जुनी आहे आणि मी फळी आहे. पण साधीसुधी नाही, मधली. काही घरांत जेवणाचं असं टेबल असतं, जे दोघांनी दोन टोकांना धरून ओढलं की मधोमध उघडतं आणि त्याच्या पोटात मोठी फट पडते. त्या फटीत जी बसते ती मी. मी नसताना ते टेबल सहा माणसांचं असतं, मी आले की दहांचं होतं. म्हणजे मी एकटी चार माणसांच्या बरोबरीची आहे. हा गर्व नाही, मोजून बघा.

माझा जन्म आजोबांच्या हातून झाला. तेव्हा ते आजोबा नव्हते, सुतार होते. टेबल आणि मी एकाच ओंडक्यातून निघालो. टेबलाला चार पाय मिळाले, मला एकही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण नोंद असावी. आजोबांनी माझ्या एका कडेला तीन लाकडी खुंट्या बसवल्या, दुसऱ्या कडेला तीन भोकं पाडली, म्हणजे टेबलाच्या दोन अर्ध्यांमध्ये मी घट्ट बसावी. मग तळहात माझ्यावरून सावकाश फिरवला. डोळ्यांपेक्षा त्यांचा तळहातावर जास्त विश्वास. एके ठिकाणी हात थांबला, तिथे त्यांनी पुन्हा पॉलिश पेपर घासला, आणि घरच्यांना सांगून टाकलं, "या घरात जेवायला दोन टेबलं लागणार नाहीत. बसतील तर सगळे एकत्र, नाहीतर सगळे उपाशी."

तेव्हापासून मोठ्या सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मला बाहेर काढतात. आजोबांची मुलगी, म्हणजे या घरातल्या मुलांची आत्या, नवरा आणि तीन मुलं घेऊन येते. घरचे पाच, तिचे पाच. दहा. माझा वर्षातला एकच कामाचा दिवस, पण त्या दिवशी मी काय बघते म्हणून सांगू! सांडलेली आमटी, टेबलाखाली पाय मारण्याची स्पर्धा, एकाच वेळी चालणारी सात बोलणी. ताई आणि तिची आतेबहीण, दोघी बारा वर्षांच्या, दरवर्षी जेवण उरकलं की माझ्यावरच कागद पसरून 'सुट्टी समाचार' नावाचं हस्तलिखित वर्तमानपत्र काढतात. त्यात बातम्या दोन आणि जाहिराती अकरा असतात.

या घराचं मला फार कौतुक आहे. इथे कोणालाच वेळ नसतो आणि तरी सगळं होतं. आई हॉस्पिटलात परिचारिकांच्या पाळ्या लावते. साठ जणींपैकी कोण कधी झोपणार हे तिला पाठ असतं, फक्त ती स्वतः कधी झोपणार हे माहीत नसतं. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतात. अख्ख्या गल्लीला जे काही दिसतं ते त्यांच्यामुळे. धाकट्याला सगळे भोपू म्हणतात, का ते त्याने तोंड उघडलं की कळतं. सुट्टी लागली की पोहणं, चित्रकला, बुद्धिबळ, मातीकाम, स्केटिंग, सगळं एकदम सुरू होतं. भोपू एकदा घाईत पोहण्याच्या चड्डीवर बुद्धिबळाला गेला आणि जिंकला. तेव्हापासून तो बुद्धिबळाला तसाच जातो. शिक्षकांनी एकदा हरकत घेतली, मग ते त्याच्याशी खेळून हरले. पुन्हा बोलले नाहीत.

आता माझ्या हरवण्याची गोष्ट. खरं म्हणजे मी हरवले नव्हते.

बाबा वस्तू जपून ठेवणारे आहेत. इतके जपून, की पुढे ती वस्तू त्यांनाही मिळत नाही. यावर त्यांनी उपाय शोधला होता. वस्तू कुठे ठेवली ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठी हरवू नये म्हणून ती त्याच वस्तूला चिकटवायची. दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीला उभं केलं, खाली दोन खिळे ठोकून टेकवलं, वर दोन खिळे वाकवून अडकवलं, आणि पाठीवर चिठ्ठी लावली. पुढून बरं दिसणार नाही म्हणून पाठीवर. चिठ्ठीचं तोंड भिंतीकडे. मग हात झटकून दुकानात गेले आणि विसरले.

पुढची सुट्टी लागली. आईला मुलांचं वेळापत्रक लावायला जागा हवी होती. फ्रिजशेजारी एवढा मोठा फलक उभा! तिला वाटलं, बाबांनी बनवून लावला. तिने माझ्यावर मोठा कागद चिकटवला, ताईने चारी कडांना निळी चिकटपट्टी मारली. संध्याकाळी बाबा आले, त्यांना वाटलं, आईने नवा फलक आणला. दोघांनीही मनातल्या मनात एकमेकांचं फार कौतुक केलं. ते बोलून दाखवायला मात्र कोणालाच वेळ नव्हता.

त्या सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मी सापडले नाही. आत्या आली, भात निवायला लागला, टेबल सहाचं ते सहाचंच. शेवटी बाबांनी पॅसेजमध्ये इस्त्रीचं टेबल उघडलं आणि आत्याच्या पाच जणांना तिथे बसवलं. त्यांना वाटलं, पाहुण्यांना हवेशीर जागा दिली. आत्या बस चालवते. भर रस्त्यात गाडी बंद पडली तरी ती चढ्या आवाजात बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. अर्धं जेवण झाल्यावर इतकंच म्हणाली, "बाळ्या, इस्त्रीच्या टेबलावर बसवलंस. आता आमचीही घडी घालून कपाटात ठेव, म्हणजे झालं." आणि गोडाचं वाढायच्या आत मंडळी घेऊन निघून गेली. बाबा पन्नाशीला आलेत, तरी तिच्यासाठी बाळ्याच.

मग वर्षभर फोनवर "हो", "नाही", "बघू". ताईने 'सुट्टी समाचार'चा अंक एकटीने काढला. संपादकांना आलेली पत्रंही तिनेच लिहिली आणि उत्तरंही तिनेच दिली. एका पत्रात विचारलं होतं, दुसऱ्या संपादिका कुठे आहेत? उत्तर होतं, कळवू.

यंदाची सुट्टी लागायच्या आधी आईने स्वतः आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, येईन, पण दहाही जणांची एका टेबलावर सोय असेल तर. नाहीतर डबा घेऊन गाडीत जेवीन, मला सवय आहे. फोन ठेवून आई जरा वेळ उभी राहिली. तिच्या समोर मी. तिने माझ्यावर यंदाचं वेळापत्रक चिकटवलं, गेल्या वर्षीच्या वरच, म्हणजे माझ्या अंगावर आता दोन सुट्ट्या झाल्या. आणि त्यात तिने रोज एक ओळ घातली: फळी शोधणे.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सहन केलं आहे. गरम पातेलं, सांडलेली शाई, भोपूचं ढोपर. पण स्वतःच्या छातीवर 'फळी शोधणे' लिहिलेलं घेऊन तीन आठवडे उभं राहणं ही गोष्ट वेगळी आहे. सोमवारी पोहण्याआधी माळा. मंगळवारी चित्रकलेनंतर कपाटांच्या मागे. गुरुवारी बाबा, दुकानातून येताना तळघर. रोज सकाळी सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, मला नीट वाचायचे आणि मला शोधायला निघून जायचे. संध्याकाळी धुळीने माखून परत यायचे आणि माझ्यावर फुली मारायचे. मला ओरडावंसं वाटे. तुम्ही म्हणाल, आता बोलते आहेस तशी तेव्हा का नाही बोललीस? आत्मवृत्तात बोलता येतं, स्वयंपाकघरात नाही.

तरी त्यांच्याबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. आई रात्रपाळीच्या याद्या संपवून माळ्यावर चढत होती. ताईने स्केटिंग बुडवून जिन्याखालचा कोपरा उपसला. भोपूने स्वतःहून पलंगाखाली तपास केला आणि तिथे मागच्या वर्षीचं अर्धं सँडविच मिळवलं. ताईच्या गृहपाठात एक म्हण होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने माझ्यापासून तीन फुटांवर बसून वाक्यात उपयोग केला: माझे बाबा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात. उदाहरण चांगलं होतं.

एकटे आजोबा माझ्याकडे फिरकले नाहीत. त्यांना आता अंधुक दिसतं, आणि कुठेच जायचं नसल्यामुळे वेळापत्रकात त्यांचं काम नव्हतं. शनिवारी मात्र ते आईला काहीतरी हळूच सांगून गेले. आईने रविवारच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि नाक पुसलं.

रविवार आला. साडेबाराला आत्या आली. सहाचं टेबल मांडलेलं, पॅसेजमध्ये इस्त्रीचं टेबल उघडलेलं. तिने ते पाहिलं. चपला काढल्या नाहीत. मुलांना म्हणाली, पाणी पिऊन येते, मग निघू. ताई आणि तिची आतेबहीण दारात एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दोघींनीही हातात कोरे कागद आणले होते.

आत्या स्वयंपाकघरात आली, आणि पाणी पिता पिता तिची नजर माझ्यावर गेली. बस चालवणाऱ्या माणसाला वेळापत्रक दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. तिने पहिल्या सोमवारपासून वाचलं. माळा, कपाटं, तळघर, जिना. वीस दिवस, वीस फुल्या. मग रविवारपाशी आली आणि मोठ्याने वाचू लागली.

"फळी नाही मिळाली तर वन्सं आणि मंडळी मोठ्या टेबलावर. आम्ही पाच इस्त्रीच्या टेबलावर." तिने वळून आईकडे पाहिलं. "पाचात अण्णा पण?"

"त्यांनीच सांगितलं लिहायला, वन्सं."

"मी एक दिवस रागावले तर तुम्ही माझ्या म्हाताऱ्या बापाला इस्त्रीच्या टेबलावर बसवणार?"

आई म्हणाली, "तुम्ही जेवून गेलात तर आम्ही जमिनीवरही बसू."

आत्याने पेला खाली ठेवला. मग तिने तिथल्या तिथे चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या, आणि हाक मारली, "अण्णा, इकडे या. यांनी वेळापत्रकात तुम्हाला कुठे बसवलंय बघा."

आजोबा आले. वेळापत्रकात आपण आहोत याचाच त्यांना आनंद झाला. "कुठे आहे मी?" असं म्हणत ते वाकले, आणि तोल सांभाळायला त्यांनी तळहात माझ्यावर टेकला.

हात थांबला.

मित्रांनो, दोन वर्षांनी तो हात. तो सावकाश वर गेला, खाली आला, कडेपर्यंत सरकला. त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.

"ही भिंत नाही," आजोबा म्हणाले.

"फलक आहे तो, अण्णा," बाबा म्हणाले.

"फलकही नाही." त्यांनी नखाने निळी पट्टी सोलली आणि खालून बोट फिरवलं. "एक. दोन. तीन खुंट्या. ही माझी फळी आहे."

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे.

"मला वाटलं, हा तू आणलास," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही बनवलात. किती वेळा मनात म्हटलं, छान केलंत."

"मीही तेच म्हटलं. तुझ्याबद्दल."

खिळे काढून मला उलटं केलं तेव्हा पाठीवरची चिठ्ठी दिसली. आत्याने ती वाचली: फळी इथे आहे. शोधत बसू नये. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि इतकी हसली की तिच्या नवऱ्याने तिला पाणी आणून दिलं. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, पद्धत बरोबर होती. थोडी सुधारायला हवी.

कागद खरवडायला वेळ नव्हता. मला तशीच टेबलात बसवलं, खुंट्या टक् करून भोकात गेल्या, आणि दहाही जण एका टेबलावर जेवले, मधले चौघे तर वेळापत्रकावरच. भोपूचं ताट बुद्धिबळावर आलं, बाबांचं तळघरावर. आजोबांना रविवारपाशीच बसायचं होतं, 'आम्ही पाच'च्या ओळीजवळ. गोडाचं सगळ्यांनी दोनदा घेतलं, आत्याने तीनदा, मागच्या वर्षीचं राहिलं होतं म्हणून. जेवणानंतर दोन संपादिकांनी माझ्यावर खास अंक काढला. मथळा होता: बेपत्ता फळी शोधपथकाच्या नाकासमोर आढळली. जाहिराती चौदा.

निघताना बाबा मला कुठे जपून ठेवावं याचा विचार करू लागले. आत्याने मला सरळ बगलेत मारलं.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "म्हणजे मला बोलावल्याशिवाय तुम्हाला मोठं जेवण करताच येणार नाही."

आता मी तिच्या घरी राहते. आत्याने मला अजिबात जपून ठेवलेलं नाही, हे तिचे उपकार. पुढच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागेल अशी मी उभी आहे, आणि दर ठेचेला कोणीतरी म्हणतं, अरे, सुट्टीला किती दिवस राहिले? टेबल तिकडे, मी इकडे. भेट वर्षातून एकदा. पण ती आता चुकणार नाही.

असं मला परवापर्यंत वाटत होतं. परवा आत्याच्या नवऱ्याने माझ्यावर एक कागद चिकटवला, आत्याच्या ड्युटीचा. ते त्या दिवशी जेवायला होते. सगळं त्यांच्यासमोर घडलं. तरीही. आत्या घरी आली, तिने कागद पाहिला, आणि मनात काहीतरी छान म्हणून चहा करायला गेली.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरात कोणी काही छान केलं असं वाटलं, तर ते तोंडाने म्हणा. लगेच म्हणा, वेळ नसला तरी म्हणा. आणि अधूनमधून घरातल्या फलकांवर टकटक करून बघा. चार माणसं तिथे बसायला थांबलेली असतात.