तुलनेच्या गटातला नवरा

अपघातानंतर त्या घरातला राग कुणाचाच नव्हता. नवऱ्याने ताट भिरकावलं, की नणंद म्हणायची, "वहिनी, दादा नाही बोलत, दादाचा मार लागलेला मेंदू बोलतो." मग बायको भिंतीवरचं खरकटं पुसायची आणि मेंदूला माफ करायची. माणसाला माफ करणं जड जातं. मेंदूचं बरं, तो समोर येऊन उभा राहत नाही. एकदा त्याने लेकीच्या कानाखाली वाजवली, तेव्हासुद्धा आईने लेकीलाच माफी मागायला लावली. आजारी माणसाला उलट बोलतात का, म्हणाली. लेकीने माफी मागितली, बॅग भरली आणि वसतिगृह गाठलं. फोन उचलायची, पण घरी यायचं नाव काढत नव्हती. तिला परत कसं आणावं, या एकाच विचाराने आईचं काळीज पोखरलं होतं.

दरवर्षी नवरा मेंदू-संशोधन केंद्रात जायचा, तो बहिणीला घेऊन. "तुला कशाला त्रास," म्हणायचा. यंदा बहीण तापाने फणफणली आणि घरचं माणूस सोबत हवंच, हा तिथला नियम. म्हणून बायकोची वर्णी लागली. वाटेत त्याने तिला पढवलं. "सगळं ठीक आहे म्हणायचं. उगाच अक्कल पाजळू नकोस."

तिला एका काचेआड बसवलं. इकडून तिकडचं दिसे, तिकडून इकडचं नाही. पलीकडे नवरा रंगीत ठोकळे रचत होता. परीक्षाच मुळी डोकं फिरवणारी: मांडणी बरोबर आली तरी सहायक "चूक" म्हणायचा आणि सगळं मोडायचा. बायकोने पर्स पोटाशी घट्ट धरली. आता ठोकळे उडणार, आता टेबल उलटणार! पण नवरा हसला. "हरकत नाही, पुन्हा करू." पुन्हा मोडलं, पुन्हा हसला. वर सहायकाला एक विनोदही ऐकवला. या तोंडात इतकी साखर आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"छान ना?" शेजारी येऊन बसलेल्या संशोधक बाई म्हणाल्या. "म्हणून तर ते आमच्या तुलनेच्या गटात आहेत."

"कसला गट?"

"डोक्याला मार लागलाय, पण स्वभाव बदलला नाही, अशांचा. ज्यांना राग आवरत नाही, त्यांची यांच्याशी तुलना करतो. यांना मार मागच्या बाजूला लागला. डावीकडचं जरा कमी दिसतं, तेवढंच. पहिल्याच वर्षी दोघा भावंडांना समजावलं होतं." बाई थांबल्या. घरी सांगितलं असेलच, असं त्या धरून चालल्या होत्या.

"माझी नणंद इथे काय सांगते?"

"की घरात त्यांचा आवाजसुद्धा चढत नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच. इकडे भाऊ धडधाकट, तिकडे आजारी, आणि दोन्हीकडे निर्दोष! बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ताटं सांगितली, लेकीचा गाल सांगितला.

बाईंचा चेहरा उतरला. "मग मला सगळं पुन्हा तपासावं लागेल. मेंदूबद्दल छातीठोकपणे कुणीच बोलू नये."

"तपासा," ती म्हणाली. "पण त्यांना आवरता येतं, हे मी आत्ताच पाहिलं."

लिफ्टचं दार लागताच नवरा खेकसला. "काय बरळलीस आत? तुझ्यासारख्या मूर्ख—"

मधल्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ आत आले. नवऱ्याने सरकून जागा दिली, हसून मान हलवली. खाली गृहस्थ निघून गेले.

"—बाईला सोबत आणलं, ही माझीच चूक," त्याने वाक्य पुरं केलं.

तिने त्याला तिथेच सोडलं, रस्ता ओलांडला आणि लेकीला फोन लावला.

"बाबांचं डोकं कसंय?" लेकीने सवयीने विचारलं.

"ठणठणीत आहे गं. तेव्हाही होतं." तिला रडू फुटलं. "आणि मी तुला माफी मागायला लावली."



"माझ्या मैत्रिणी आल्या की बाबा कधीच चिडायचे नाहीत," लेक म्हणाली. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, आई. तू मला खोटारडी म्हणालीस."