किटली आणि काट्यांचं रान

"मानवजातीच्या अंधाराचा शेवट याच खोलीत होणार आहे!" सरांनी एक हात उंचावून जाहीर केलं, दुसऱ्या हाताने किटलीचं बटण दाबलं आणि प्रयोगशाळेतले सगळे दिवे गेले.

सरांच्या हाताखाली संशोधन करणारी ताई अंधारातच ओव्हनकडे धावली. ओव्हनही त्याच लाइनवर होता. त्यातल्या पोलादी डब्यात, हिरव्या द्रावणात तिचा निकेलच्या जाळीचा शेवटचा तुकडा शिजत होता. 'इथे किटली लावू नये' अशी पाटी तिने स्वतः टांगली होती. सर त्या पाटीवर टॉवेल वाळत घालत.

"सर, किटली!"

"अगं, मी मानवजातीचं बोलतोय."

"मानवजात थांबेल हो. डबा थंड पडतोय!"

ताईचं काम म्हणजे एक संसार जुळवणं. बॅटरी पोटभर वीज जेवते, पण एकेक घास चावत बसते. सुपरकपॅसिटर झटक्यात जेवतो, पण दोन घासांतच हात धुतो. या दोघांना एका घरात नांदवायचं, तर बॅटरीच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला नखाएवढ्या जागेत मैदानाएवढा पृष्ठभाग हवा. आजवरचे सगळे तुकडे नापास झाले होते. हाही फसला, तर समिती तिचा विषय बंद करून तिला गंज रोखणाऱ्या रंगांच्या विभागात पाठवणार होती. तिथली माणसंही रंग वाळायची वाट बघून बघून रंगासारखीच झाली होती.

वीज आली तोवर डबा गार पडला होता. ताईने नाइलाजाने तो पुन्हा तापवला. तुकडा धुतला, सुकवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरच्या काकांकडे नेला.

"आणलीस धूळ?" काका म्हणाले. त्यांच्या मते साऱ्या विज्ञानाचे दोनच प्रकार होते: बारीक धूळ आणि जाड धूळ.

पडद्यावर आधी करडं धुकं आलं. काकांनी बटण फिरवलं, धुकं विरलं आणि दोघंही पडद्याकडे वाकले.

समोर रान होतं. क्षितिजापर्यंत सुया, आणि प्रत्येक सुईच्या अंगावर आणखी बारीक सुया, जणू प्रत्येक झाडालाच दुसरं रान फुटलं होतं. वीज गेली तेव्हा पहिली वाढ थांबली होती. परत आली तेव्हा उरलेल्या द्रावणाने त्या सुयांवरच दुसरी पेरणी केली होती. हे सगळं ताईच्या करंगळीच्या नखावर मावत होतं. आपण श्वास सोडला तर ते हलेल, असं तिला उगाच वाटलं.

"पोरी," काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "ही धूळ नाही."

समितीसमोर त्या तुकड्याचा सेल डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरला आणि टेबलावरचा छोटा पंखा फिरवत बसला. सगळे त्या पंख्याकडे बघत राहिले. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"विलक्षण आहे," त्या म्हणाल्या. "पण एकदा घडलं तर योगायोग. आमच्यासमोर पुन्हा करा, मग विषय तुमचा."

नवी जाळी आली. समिती ओव्हनभोवती उभी राहिली. ताईने द्रावण ओतलं, डबा घट्ट बंद केला, ओव्हन तापू दिला. मग पाटीवरचा टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि अतिशय आदराने वळली.

"सर, जरा चहा ठेवता का?"