हिरव्या दिव्याची घाई

महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैनिक सोडून परतलेलं विमान इंग्लंडच्या तळावर टेकलं तेव्हा उजाडलं होतं. आता कुणी काही विचारू नये, एवढंच वैमानिक हार्लन ब्रीसला वाटत होतं. पण चौकशीचा अधिकारी नकाशा पसरून बसलाच होता.

"पोरं ठरल्या जागी उतरली?"

"हो, साहेब." जीभ जराही अडखळली नाही, याचीच हार्लनला लाज वाटली. अधिकाऱ्याने ठरलेल्या गावापाशी फुली मारली.

छत्रीधारी सैनिक उड्या टाकतात तेव्हा विमानाचा वेग कमी करायचा असतो, नाहीतर छत्री उघडताना असा हिसका बसतो की अंगावरचं सामानसुद्धा तुटून जातं. निघताना सार्जंट डूलीने बजावलंही होतं, "साहेब, जरा हळू हाका हं! आम्ही काही टपालाच्या पिशव्या नाही."

"अरे, पिसासारखे उतरवतो तुम्हाला," हार्लनने शब्द दिला होता.

आणि ढगातून बाहेर पडताच खालून जर्मन तोफा धडाडल्या, तशी त्याची पाचावर धारण बसली. वेग कमी करायचं राहिलं बाजूला, त्याने तो वाढवला. आपण कुठं आहोत याचा पत्ता नसताना उडीची खूण देणारा हिरवा दिवा लावून मोकळा झाला. पोरांनी दिव्यावर भरवसा ठेवून उड्या टाकल्या. खाली चकाकतंय ते पाणी आहे, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

जेवणघरात आज भुकटीची नाही, खरी अंडी होती. त्याने ताट बाजूला सारलं.

समोर एमेट कुडी येऊन उभा राहिला. उडीच्या रांगेतला हा शेवटचा गडी विमान हेलकावलं तेव्हा आतच आपटला होता. उठेपर्यंत जमीन मागे पडून खाली समुद्र आला होता, म्हणून त्याची उडी राहिली. अंधारात दिसू नये म्हणून तोंडाला फासलेली काजळी त्याने अजून पुसली नव्हती.

"साहेब, मला तोंड दाखवायला जागा नाही. डूली म्हणत असेल, कुडीने शेपूट घातलं."

"तुझी काय चूक रे?"

"आज रसद टाकायला विमानं जाणारेत. मला न्या. त्यांना जिथं सोडलंत, तिथंच सोडा." कुडीने ताटाशेजारी नकाशा उलगडला. "दाखवा ना, नेमकं कुठं?"

हार्लनचं बोट त्या फुलीच्या गावाकडे गेलं. तिथं हे पोरगं एकटं उतरलं असतं, डूलीला हाका मारत. त्याने बोट मागे घेतलं.

"मला माहीत नाही."

थट्टा समजून कुडी आधी हसला.

"असं कसं, साहेब? दिवा तर तुम्हीच लावलात ना?"