अक्काबाई बसली की बंद पडणारी जीप

मुलांनो, पुस्तक मांडीवरच राहू द्या आणि मनानं जरा एका जुन्या जीपमध्ये येऊन बसा. मागच्या बाकावर, ताडपत्रीच्या कडेला. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला ओला डोंगर, समोर चढ. मोबाईलला रेंज नाही. एसटी केव्हाच निघून गेलेली. शेजारी तुमची आजी बसली आहे. तिचे पाय सुजलेत, बोलताना तिला धाप लागते. आणि नेमकी इथंच जीप दोन आचके देते आणि गप्प होते. आता सांगा, तुम्ही काय कराल?

रतनला तेच कळत नव्हतं.

रतन हिर्डोशीचा. स्वतःच्या जीपमधून भोरला माणसं ने-आण करायचा. त्याच्या आईचं नाव अक्काबाई. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा तिला भोरच्या दवाखान्यात मशीनवर झोपवावं लागे. डॉक्टर त्याला डायलिसिस म्हणायचे. अक्काबाई म्हणायची, "रक्त धुवायला जाते." मशीनवर प्रत्येकाची वेळ ठरलेली. उशीर झाला की तेवढी वेळ कापली जायची आणि धुतलं न गेलेलं विष अंगातच राहायचं. डॉक्टरांनी रतनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असं आणखी काही वेळा झालं, तर मग माझ्या हातात काही उरणार नाही."

आणि जीप तर उशीर करायला टपलेलीच होती. एरवी माणसं भरून भोरला जायची, यायची, कधी कुरकुर नाही. पण अक्काबाई बसली की वाटेत कुठंतरी बंद पडायची. किती स्टार्टर मारा, हूं की चूं नाही. तासभर उभी राहिली की मग आपणहून चालू व्हायची.

आई मशीनवर असली की तेवढ्यात रतन गॅरेज गाठायचा. एकानं डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यानं पंप उतरवून साफ केला. तिसरा पप्पू मेकॅनिक, त्यानं तर स्वतः गाडी बाजारपेठेतून फिरवून आणली आणि किल्ली रतनच्या हातात दिली.

"गाडी ठणठणीत हाय, रतनशेठ. तुमचीच तब्येत दाखवा आता कुणालातरी."

रतनला हसू आलं नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. सावळाराम शेजारी तर तोंडावरच म्हणाला, "गाडीला कायबी झालं न्हाई. म्हातारी बसली की बंद पडती, ह्यात काय ते समज. एक लिंबू बांध."

रतनच्या घरात असलं कधी कुणी केलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन ज्या बापानं त्याला शाळेत घातलं, त्यानं आयुष्यात लिंबू फक्त पोह्यांवर पिळलं. पण माणूस सगळीकडून कोंडला की हात कुठंही जातो. रतननं भोरच्या बाजारात एक लिंबू घेतलं. बांधायची लाज वाटली, म्हणून गाडीच्या पुढच्या कप्प्यात लपवलं. ते अक्काबाईलाच सापडलं. ती गोळ्या शोधत होती.

तिनं ते परत तिथंच ठेवून दिलं. घरी जेवायला बसल्यावर म्हणाली, "माझ्यावर लिंबू ठिवलंस व्हय रं?"

रतननं घास परत ताटात ठेवला.

"अजून एकदा येते तुझ्यासंगं," ती म्हणाली. "तवाबी बंद पडली तर मला पुन्यांदा गाडीत बस म्हनू नगंस. हितं घरातच निजू दे मला."

त्या रात्री रतनचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो उत्रोलीला हनुमंत मिस्त्रींकडे गेला. मिस्त्री उभं आयुष्य गाड्यांखाली झोपून आता निवांत झाले होते. रतननं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "गाडी आणलीय. बघता का जरा?"

मिस्त्री जागचे हलले नाहीत. "हिला काय बघू? ही तर चालतीय. जवा बंद पडती तवा हिच्यात कोन असतं?"

"आमची आई. तिला धरायला माझी पोरगी, माधुरी. बायको येत न्हाई, तिला गाडी लागती."

"मग दवाखान्याच्या आदल्या राती मी तुझ्या घरी मुक्कामाला येतो. सकाळी समदीच निघू. आजारी मानसाला घरी ठिवून त्याचा ताप मोजता येतो व्हय?"

सकाळी मिस्त्री चुलीपुढं बसून नाचणीची भाकरी खात होते, तेव्हा बाहेर माधुरी तिचं नेहमीचं काम करत होती. आजारपणात अक्काबाईला डिझेलचा वास अजिबात सोसेना, पोटात ढवळून यायचं. चढाला, वळणाला टाकीच्या झाकणातून डिझेल डचमळायचं आणि वास मागं यायचा. म्हणून आजी बसायच्या आधी माधुरी त्या झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी ओढायची आणि वरून सायकलच्या ट्यूबची रिंग घट्ट बसवायची. भोरला पोचलं की काढून खिशात. परत निघताना पुन्हा बसवायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं.

"जय भीम, मिस्त्री," अक्काबाई बाकावर टेकत म्हणाली. "उगं तरास घेतला तुमी. बंद पडनारच हाय."

"जय भीम. पडू द्या की. त्याच्यासाठीच तर आलोय."

धरणाकाठच्या चढावर जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

रतननं स्टार्टर मारला. पुन्हा मारला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मागं माधुरीनं आजीचा हात घट्ट धरला. तो हात आजीनं हळूच सोडवून घेतला.

"उतरीव मला," अक्काबाई म्हणाली. "माझ्याबिगर चालंल ती."

"उतरा," मिस्त्री म्हणाले.

रतननं चमकून वर पाहिलं. पण मिस्त्रींनी स्वतः तिला आधार देऊन खाली आणलं आणि कठड्याच्या दगडावर बसवलं. "आता अक्काबाई गाडीत न्हाईत. मार स्टार्टर."

रतननं मारला. जीप गप्प.

"अजून एक डाव."

गप्पच.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "अक्काबाई, तुमी सुटला. आता खरा चोर हुडकू."

अक्काबाई पदर डोळ्यांना लावून बसली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, फिल्टरचा नट सैल केला आणि फिल्टरवरचा छोटा हातपंप मारला. डिझेलचा थेंब आला नाही. "टाकीत डिझेल हाय?"

"अर्धी टाकी हाय," रतन म्हणाला.

"टाकीत हाय आन् हितं न्हाई. म्हंजी वाटंत कोनीतरी धरून ठिवलंय." ते नळीवरून बोट फिरवत मागं मागं गेले आणि टाकीच्या झाकणापाशी थांबले. "ही पिशवी कुनाची?"

"माझी," माधुरी म्हणाली. "आजीला वास येतो म्हनून."

"सोड ती. झाकन काढताना कान जवळ ने."

माधुरीनं रिंग काढली, पिशवी काढली, झाकण फिरवलं. आत सूंऽऽ करून हवा ओढली गेली. ती दचकून मागं सरली.

"ऐकलंस?" मिस्त्रींनी अक्काबाईची पाण्याची बाटली तिला दिली. "तोंड लाव आन् पी. मधी तोंड काढायचं न्हाई."

माधुरी ओढून ओढून पाणी प्यायली. बाटलीचं पोट आत गेलं. मग कितीही ओढलं तरी पाणी येईना. तिनं तोंड बाजूला केलं, तशी बाटली फटकन फुगली.

"पानी भाईर यायचं तर हवा आत जायाला पायजे. ह्या झाकनाला बारीक भोक असतं ते त्याच्यासाठीच. तू ते झाकलंस. इंजिन डिझेल ओढून ओढून दमलं. तासभर थांबलं की कुठनं तरी हवा आत झिरपायची आन् गाडी चालू व्हायची."

मिस्त्रींनी पिशवी न लावता नुसतं झाकण बसवलं, डिझेल येईपर्यंत पंप मारला आणि फिल्टरचा नट आवळला. रतननं किल्ली फिरवली. जीप धडधडली.

रतन हसत होता आणि त्याचे गाल ओले होते. पण माधुरी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. "म्हंजी म्याच बंद पाडत व्हते," ती म्हणाली. "आजीला उशीर माझ्यापायी झाला."

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले. "भोक असतं हे तुला कोनी सांगितलं व्हतं का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मेकॅनिकांना भोक ठावं व्हतं, पर पिशवी दिसली न्हाई. तुला पिशवी ठावी व्हती, पर भोक न्हाई. आज आपन दोघं एका जागी आलो. आता रडू नगं, उशीर व्हतोय."

अक्काबाई पुन्हा बाकावर बसली. उघड्या झाकणाचा वास मागं आलाच. तिनं तोंड फिरवलं आणि पदर नाकाला लावला.

माधुरीनं पिशवी आणि रिंग मिस्त्रींच्या हातात दिली. मग ती पुढच्या सीटवरून वाकली आणि कप्प्यात हात घातला. ते लिंबू अजून तिथंच होतं, थोडं सुकलेलं. तिला थांबवायला रतननं हात पुढं केला, पण मग मागं घेतला. माधुरी मागं येऊन आजीला खेटून बसली, लिंबाची साल नखानं खरवडली आणि ते आजीच्या नाकापाशी धरलं. जीप भोरला पोचेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.